मधल्या मैदानातली हाक

युटिका,
रविवार, ३ मे १८८५

प्रिय मॅलाचीदादा,

सप्रेम नमस्कार. मी मजेत आहे, तुम्ही सगळेही असाल. आईला नमस्कार सांग. हे पत्र तू तिला मोठ्यानं वाचून दाखवणार हे ठाऊक आहे, म्हणून शिव्या गाळून लिहितो आहे. डीलियावहिनीला म्हणावं, तिनं विणलेले मोजे रोज घालतो. रोज धुतो असं मात्र सांगू नकोस. छोटीला दात आले का?

आता खरी बातमी. जिंकलो! बेसबॉलच्या मोसमाचा पहिलाच सामना, समोर ऑस्विगो, आणि आपण जिंकलो, पाचाला सहा! कालपासून जमिनीवर पायच टेकत नाहीयेत माझे. टटलबाईंच्या खानावळीत सकाळी मला एक अंडं जास्त मिळालं. टटलबाईंच्या हातून जास्तीचं अंडं मिळवणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको, तीन वर्षं तूही त्याच टेबलावर जेवलास.

ऐक. नववा डाव. आपण एका धावेनं पुढे. त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, एक बाद. फलंदाजानं असा उंच टोला हाणला की मला वाटलं, चेंडू कालव्यापलीकडे जाऊन पडणार. मी मागे, मागे, आणखी मागे. झेल घेतला तेव्हा तळहात असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात त्यांचा गडी धाव पुरी करायला घरच्या बेसकडे सुटला! मी वळलोदेखील नाही नीट. होतं नव्हतं तेवढं सगळं खांद्यात आणून फेकला. दादा, तो चेंडू मध्ये एकदाही टप्पा न घेता थेट घरच्या बेसमागे उभ्या क्विंबीच्या छातीवर आदळला. गडी अजून दोन हात लांब होता. बाद! सामना खलास!

क्विंबी आपली वाकडी बोटं झटकत आला आणि म्हणाला, "डेव्हनी, पुढच्या वेळी आधी चिठ्ठी पाठवत जा, 'येतोय' म्हणून!"

कप्तान हास्केल हसला. खरंच हसला, मी दात पाहिले त्याचे.

डाव्या मैदानात आता नवीन माणूस आहे, ओटो रीमश्नायडर. रॉचेस्टरच्या एका दारूभट्टीत पिंपं बनवायचा. रेड्यासारखा धावतो, पण बोलणं सगळं जर्मन. चेंडू आला की काहीतरी लांबलचक ओरडतो, ते संपेपर्यंत चेंडू जमिनीवर. शेवटी हास्केलनं त्याला एकच शब्द शिकवला, "माझा!" आता जेवताना मटणाची ताटली फिरली तरी ओटो गरजतो, "माझा!" टटलबाई जाम चिडतात.

मी आता मध्ये उभा असतो. हास्केल म्हणाला, "डेव्हनी, तू मध्ये जा," आणि मी गेलो. तिथलं गवत तुला माहीतच आहे.

गुडघा कसा आहे? बुटांच्या कारखान्यात बसून काम करता येतं, ते एक बरं झालं. दोन ओळी लिही की. हिवाळाभर तुझं एकही पत्र नाही.

तुझा,
कॉनल


युटिका,
रविवार, १९ जुलै १८८५

प्रिय दादा,

वहिनीचं पत्र पोचलं. तुझ्या हातचं आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण असो. छोटी चालायला लागली हे वाचून मी ते सगळ्या खानावळीला ऐकवलं. काठी घेतलीस हेही कळलं. वहिनी लिहिते की शनिवारी कारखान्याची पोरं समोरच्या पटांगणात चेंडू खेळायला लागली की तू खिडकी लावून घेतोस. उकाड्यात खिडकी कशाला लावायची दादा?

बरं, आता आईला जरा जवळ बसव. ही गोष्ट तिच्यासाठी.

गेल्या बुधवारी सिरॅक्यूजशी सामना होता. एवढी गर्दी, की दोर तोडून लोक मैदानात घुसलेले, आणि मधल्या मैदानाच्या टोकाला घोडागाड्यांची रांग. आठव्या डावात चेंडू सरळ त्या गाड्यांवर आला. मी धावतो आहे, लोक ओरडताहेत, "अरे चाक! चाक!" चाक दिसलं, म्हणून त्यावरच पाय दिला आणि उडी मारली. चेंडू हातात आला, आणि मी एका डॉक्टरच्या बायकोच्या मांडीत.

"अहो, उठा आधी!" बाई किंचाळल्या.

पंच बिचारा धापा टाकत आला. त्याला लांबून काही दिसलं नव्हतं. त्यानं टोपी काढून बाईंनाच विचारलं, "बाईसाहेब, चेंडू कशाला लागला का?"

"चेंडू नाही लागला," बाई म्हणाल्या, "पण हा माणूस माझ्या कस्टर्डला लागला!"

"बाद!" पंच ओरडला.

दादा, काय आवाज झाला म्हणून सांगू! टोप्या उडाल्या, घोडे उधळले. मी कोपरावरचं कस्टर्ड चाटत परत आलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, 'युटिकाच्या डेव्हनीला जमीन पुरत नाही.' कात्रण सोबत आहे. आई, ते जपून ठेव.

आणि दुसरी गोष्ट, अजून कोणाला सांगितलेली नाही. बॉस्टनच्या एका मोठ्या क्लबाचा माणूस त्या दिवशी गर्दीत होता. व्हिटकॉम नावाचा, मिशीला मेण लावणारा. माझ्या हाताची बोटं एकेक दाबून बघितली त्यानं, घोडा विकत घेताना दात बघतात तशी. म्हणाला, "सप्टेंबरात पुन्हा येईन." बॉस्टन, दादा! आपल्या लिनपासून आगगाडीनं तासाभरावर! आई येऊन बघू शकेल.

सगळंच काही गोड नाही. शुक्रवारी एल्मायराविरुद्ध एक चेंडू माझ्या आणि ओटोच्या मधोमध आला. ओटोनं हाक दिली की नाही, ते कळलं नाही. मी थांबलो. तोही थांबला. चेंडू आमच्या दोघांच्या मध्ये पडला, टप्पकन, आणि त्यांच्या दोन धावा झाल्या. हास्केल मैदानभर ओरडला, "तुम्ही दोघं काय पाद्री आहात का रे? आधी आपण, आधी आपण!"

हे या महिन्यात तिसऱ्यांदा झालं. मी सांगितलं की उन्हानं डोळे दिपले.

आभाळ भरलेलं होतं.

बाकी सगळं छान चाललं आहे. सिरॅक्यूज आपल्या पुढे फक्त तीन सामने.

तुझा,
कॉनल


युटिका,
रविवार, ३० ऑगस्ट १८८५

प्रिय दादा,

आईनं सांगितलेलं आणि वहिनीनं लिहिलेलं पत्र मंगळवारी मिळालं. मी ते खिशात घेऊन फिरतो आहे.

आईनं लिहिलंय, "बाळ, मॅलाचीच्या गुडघ्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. मॅलाचीनं मला सगळं सांगितलं. तो म्हणतो, त्यानं हाक द्यायला हवी होती, आणि त्यानं दिली नाही. चूक त्याची होती. तुझ्यावर त्याचा मुळीच राग नाही."

असं सांगितलंस तू तिला?

आता आपण सिरॅक्यूजच्या मागे फक्त एक सामना आहोत. बिंगहॅम्टनला दोन्ही दिवस हरवलं. मी सात वेळा फलंदाजीला आलो, चार वेळा बेस गाठला, एकदा तर थेट तिसऱ्यापर्यंत. ओटोनं आनंदानं मला उचललं आणि मग खाली ठेवायला विसरला. शेवटचा सामना सव्वीस सप्टेंबरला, इथेच, सिरॅक्यूजशीच. सगळं गाव त्याच दिवसाबद्दल बोलतंय. न्हावी दाढीचे पैसे घेत नाही. मिलमधल्या बायका रस्त्यात थांबवून म्हणतात, "डेव्हनी, हरलात तर तोंड दाखवू नका हं!"

आणखी खूप लिहायचं आहे, पण ते सगळ्यांसमोर वाचायच्या पत्रात लिहिता येत नाही.

आईला म्हणावं, पत्र मिळालं.

कॉनल


युटिका,
रविवार, २७ सप्टेंबर १८८५

प्रिय दादा,

हे पत्र आईसमोर वाचू नकोस. आधी एकटा बसून वाच. मग वाटलं तर वहिनीला दाखव.

जिंकलो! आधी तेच लिहितो. अजिंक्यपदाचं निशाण आपलं! काल संध्याकाळपासून गिरण्यांचे भोंगे वाजताहेत, कालव्यातल्या बोटी घंटा बडवताहेत, आणि टटलबाई, हो, टटलबाई, क्विंबीच्या गळ्यात पडून रडल्या.

सगळं क्रमानं सांगतो.

सकाळी दहापासून माणसं. छपरांवर, झाडांवर, कुंपणावर. व्हिटकॉमही पुढच्या बाकावर, मेण लावलेल्या मिशीसकट. डावामागून डाव गेले, ते एकानं पुढे, मग आपण एकानं पुढे. नवव्यात आपण तीन, ते दोन. त्यांचे दोन गडी बेसवर, दोन बाद. चेंडू एक चुकला की सगळं संपलं.

त्यांच्या फलंदाजानं टोला मारला आणि चेंडू आला डाव्या आणि मधल्या मैदानाच्या बरोब्बर मधोमध.

दादा, तीच जागा. तोच चेंडू. मी शपथेवर सांगतो, तेवढाच उंच, तसाच किंचित वाऱ्यानं वळणारा.

मी सुटलो. मला तो मिळत होता. पाच पावलं राहिली होती, हात वर गेले होते. व्हिटकॉम बघत होता, सगळं गाव बघत होतं. आणि डावीकडून ओटो गरजला, "माझा!"

ऐकलं मी. अगदी स्वच्छ ऐकलं.

या वेळी दगडासारखा थिजलो नाही. मी ठरवलं, आणि बाजूला झालो. त्याच्या पाठीमागे वळसा घालून गेलो, चेंडू सुटलाच तर उचलायला. ओटोनं तो झेलला, पडला, दोनदा लोळला, आणि पडल्या पडल्याच हात वर केला. हातात चेंडू!

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडत होतो. मी त्याच्यावर पडलो, क्विंबी माझ्यावर, आणि अर्धं युटिका क्विंबीवर. ढिगाऱ्याखालून ओटोचा आवाज येत होता, "माझा! माझा!"

सहा वाजता हॉटेलात जेवण होतं. कालवं, भाजलेलं मांस, बिअरची दोन पिंपं. हास्केल पेला घेऊन उभा राहिला. एवढा खूश त्याला मी कधी पाहिलेला नाही. म्हणाला, "पोरांनो, हे निशाण आपल्याला एका शब्दानं मिळवून दिलं. गेल्या वर्षी याच जागी मॅलाची डेव्हनीनं तो शब्द तोंडातून काढला नाही, स्वतःचा गुडघा घालवला आणि त्याच्याविना पुढचे सामने हरून आपलं निशाणही गेलं. आज ओटोनं शब्द काढला. तर हा पेला, तोंड उघडणाऱ्यांसाठी!"

सगळ्यांनी पेले उचलले, दादा. माझाही अर्ध्यापर्यंत वर गेला.

मग मी उभा राहिलो. म्हणालो, "कप्तान, त्यानं हाक दिली होती."

"काय?"

"मॅलाचीनं. दोनदा दिली. मी ऐकली. मला तो झेल हवा होता, म्हणून मी थांबलो नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

हास्केलनं पेला खाली ठेवला. "मी त्याच्या खाटेपाशी जाऊन विचारलं होतं," तो म्हणाला. "तो म्हणाला, 'ओरडलो नसेन.' म्हणून मी त्याला काढला. वर्षभर मी त्या माणसाला मूर्ख म्हणत फिरतोय. या गावातल्या प्रत्येकाला सांगितलंय मी ते."

"हो."

"आणि तू माझ्या शेजारी बसून ते ऐकत होतास."

"हो."

ओटोला सगळं समजायला वेळ लागला. क्विंबीनं त्याला हातवारे करून सांगितलं. मग तो माझ्याकडे बघत, एकेक शब्द शोधत म्हणाला, "आज मला दिलास. भावाला नाही दिलास." आणि खाली बघून खायला लागला. हास्केलनं मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

आता तुला सांगतो. तुला माहीत आहे, पण मी कधी सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या त्या दुपारी माझ्याकडे एकही चेंडू आला नव्हता. तू तीन अवघड झेल घेतले होतेस आणि बाकांवरची माणसं नुसती "मॅलाची! मॅलाची!" करत होती. मी डावीकडे उभा राहून ते ऐकत होतो. लहानपणापासून ऐकत आलो होतो. पटांगणात, शाळेत, चर्चच्या दारात, 'मॅलाचीचा भाऊ.' चेंडू वर गेला, तू पहिल्यांदा ओरडलास, "माझा!" मी धावतच राहिलो. तू दुसऱ्यांदा ओरडलास, या वेळी नाव घेऊन, "कॉन, माझा!" आणि मी मनात म्हटलं, नाही, हा माझा.

मी झेप घेतली आणि माझा खांदा तुझ्या गुडघ्यावर बसला. तो आवाज मी ऐकला. चेंडू माझ्या हातात होता. लोकांनी मला खांद्यावर उचललं, आणि तिथून, त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, मला तू गवतात पडलेला दिसत होतास. मी हात हलवत होतो. थांबवता आला नाही मला तो.

तू का गप्प राहिलास, ते मी वर्षभर स्वतःला विचारायचं टाळलं. हास्केल आधीच म्हणत होता, डेव्हनी दोन आहेत, पुढच्या वर्षी एकच ठेवणार. तुझा पाय तर खेळातून गेलाच होता. मग निदान मी तरी राहावा म्हणून ना? मला ते त्याच दिवशी कळलं होतं, दादा. कळूनही मी तुझ्या जागी जाऊन उभा राहिलो. तुला गवताच्या गोष्टी लिहिल्या. पण आईलाही तू तेच सांगितलंस, स्वतःच्या आईसमोर स्वतःला चुकीचं ठरवलंस, हे वाचल्यावर मला तोंड बंद ठेवता आलं नाही. एवढं मोठं काही घ्यायची माझी लायकी नाही.

आज सकाळी व्हिटकॉमकडे गेलो. वाटलं, तो आता मला घेणार नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कबुलीजबाब तुमच्या पाद्र्याला द्या, डेव्हनी. मला एप्रिलमध्ये हजर राहणारा माणूस द्या." मी सही केली. तुला हे ऐकून राग येईल कदाचित. पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहितो की सही करताना मला फार, फार आनंद झाला. मी बॉस्टनला खेळणार आहे, दादा! मला लाज वाटते आणि आनंद होतो, दोन्ही एकदम. त्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

हास्केल आज माझ्याशी बोलला नाही. पण क्विंबीकडून त्यानं तुझा लिनचा पत्ता मागून घेतला. क्विंबी म्हणतो, पुढच्या वर्षी नव्या पोरांना झेल शिकवायला त्याला कोणीतरी हवंय, आणि तो पुटपुटत होता, "लंगडा चालेल." तो लिहील की नाही, देव जाणे. लिहिलंच तर तुझ्या मनाला येईल ते कर. माझ्याकडे बघून काही करू नकोस. ते तू खूप केलंस.

मी गुरुवारी दुपारच्या गाडीनं घरी येतोय. आईला मी स्वतः सांगणार आहे, तिच्या समोर बसून. तू मध्ये बोलायचं नाहीस, "जाऊ दे गं" म्हणायचं नाहीस. तिनं मारलं तर मारू दे. त्यानंतर तुला माझं तोंड बघायचं नसेल, तर मी अंगणातूनच परत जाईन आणि तुला दोष देणार नाही. मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण तेही मागणंच झालं. तुझ्याकडून घेणं आता पुरे.

त्या दिवशी तुझी हाक दोन्ही वेळा स्वच्छ ऐकलेला,
तुझा धाकटा भाऊ,
कॉनल डेव्हनी